मिनेसोटातील एका लहान शहराची रस्ते आणि ट्रेल सेवा: नऊ वर्षे कर भरल्यानंतरचे परीक्षण

आमच्या घराच्या पुढच्या दारासमोर रस्ता आहे आणि मागच्या कुंपणापलीकडे ओढ्यावरचा लाकडी पूल ओलांडला की ट्रेल, म्हणजे चालण्यासाठी आणि सायकलसाठी बांधलेला मार्ग, सुरू होतो. दोन्ही डांबरी आहेत, दोन्ही एकाच सिटी हॉलच्या ताब्यात आहेत आणि दोन्हींवर आमचे रोजचे येणेजाणे आहे. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातील या लहान शहरात घर घेऊन मला नऊ वर्षे झाली. दरवर्षी 15 मे आणि 15 ऑक्टोबर या तारखांना मालमत्ता कराचे हप्ते भरताना माझी समजूत अशी होती की दोन्हींचा पैसा याच करातून जात असणार. ती समजूत किती अपुरी होती हे आमच्या गल्लीचा रस्ता नव्याने करायचे ठरले तेव्हा कळले, आणि त्यानंतर मी सिटी कौन्सिलच्या बैठकांना नेमाने जाऊ लागले. पाच हजारांहून थोडी अधिक वस्ती असलेले शहर रस्ते आणि ट्रेल यांचा खर्च कसा भागवते, त्या व्यवस्थेत करदाता म्हणजेच ग्राहक या नात्याने मला काय मिळाले आणि ती कुठे कमी पडते, याचे हे परीक्षण आहे.

मत आधीच सांगते. रस्त्यांची सेवा महाग आहे, पण तिच्यामागे कायदा आहे, ठरलेल्या मुदती आहेत आणि हक्काचा पैसा आहे. ट्रेलची सेवा पहिल्या दिवशी पाहाल तर मन प्रसन्न होईल अशी आहे, मात्र तिचा पैसा दरवेळी अर्ज करून मागून आणावा लागतो आणि ट्रेल बांधून झाला की तो येणे थांबते. घर घेताना हा फरक मला कोणी सांगितला असता तर बरे झाले असते, म्हणून इतके सविस्तर लिहीत आहे.

रस्त्यापासून सुरुवात करते, कारण तिथे माझ्या स्वतःच्या खिशाला हात लागला. एका हिवाळ्यात सिटी हॉलचे जाड पाकीट आले. आत आमच्या गल्लीच्या पुनर्बांधणीच्या जाहीर सुनावणीची नोटीस होती. मिनेसोटात लहान शहरे हे काम राज्याच्या कायद्यातील 429 व्या प्रकरणानुसार करतात. त्यात 'स्पेशल असेसमेंट' म्हणजे विशेष आकारणीची पद्धत घालून दिलेली आहे: ज्या घरांना रस्त्याचा थेट फायदा होतो, त्यांच्याकडून खर्चाचा काही भाग वेगळा वसूल करायचा. हा भाग नेहमीच्या मालमत्ता कराहून निराळा असतो. प्रथम इंजिनिअर व्यवहार्यता अहवाल तयार करतो. मग वर्तमानपत्रात दोनदा जाहीर सूचना छापावी लागते आणि प्रत्येक घरमालकाला सुनावणीच्या किमान दहा दिवस आधी टपालाने नोटीस पाठवावी लागते. सुनावणीनंतर काम करण्याचा ठराव कौन्सिलच्या एकूण सदस्यांपैकी चार पंचमांश मतांनी मंजूर व्हावा लागतो, म्हणजे मेयरसह पाच जणांच्या कौन्सिलमध्ये चार मते हवीत. रस्त्यालगतच्या एकूण दर्शनी लांबीपैकी किमान 35 टक्के लांबीच्या मालकांनी स्वतःहून अर्ज केला असेल, तर साधे बहुमत पुरते.

त्या सुनावणीला मी गेले तेव्हा टेबलावर डांबराचा एक दंडगोल ठेवलेला होता. आमच्याच गल्लीतून ड्रिलने काढलेला. वरचा थर काळा आणि तुकतुकीत, मधला भुसभुशीत आणि खालची माती चिकणमातीची. इंजिनिअरने तो हातात घेऊन नखाने खरवडून दाखवला, तर मधल्या थराची चक्क भुकटी पडली. मिनेसोटाच्या हिवाळ्यात जमिनीतले पाणी गोठते, फुगते आणि रस्ता वर उचलते. वसंतात बर्फ वितळले की खालचा पाया लिबलिबीत होतो आणि तेव्हाच कचऱ्याचा जड ट्रक त्यावरून जातो. वर नुसता नवा थर चढवून हे दुखणे बरे होत नाही, हे त्या भुकटीकडे पाहून माझ्यासारख्या अनभिज्ञ माणसालाही पटले. ज्या सेवेसाठी माझ्याकडून पैसे मागितले जात होते, तिची गरज माझ्या डोळ्यांसमोर ठेवली गेली. या एका गोष्टीसाठी मी सिटीला पैकीच्या पैकी गुण देईन.

आमच्या वाट्याला 6,400 डॉलर आले. आकडा ऐकून पोटात गोळा आला, हे मान्य करते. परंतु कायद्याने आकारणीला एक मर्यादा घातलेली आहे आणि ती प्रत्येक घरमालकाने लक्षात ठेवावी: रस्त्यामुळे तुमच्या मालमत्तेच्या बाजारभावात जितकी वाढ होईल, त्याहून अधिक आकारणी करता येत नाही. त्यामुळे काम झाल्यावर किंवा निविदा आल्यावर आकारणीची दुसरी सुनावणी होते, आणि तिची नोटीस किमान दोन आठवडे आधी यावी लागते. आक्षेप असेल तर तो लेखी आणि सहीनिशी, सुनावणीपूर्वी क्लार्ककडे किंवा सुनावणीत अध्यक्षांच्या हाती द्यावा लागतो. असा लेखी आक्षेप असेल तरच आकारणी मंजूर झाल्यापासून 30 दिवसांत जिल्हा न्यायालयात अपील करता येते. माझ्या शेजाऱ्यांपैकी दोघे सुनावणीत तावातावाने बोलले, पण त्यांनी कागदावर एक ओळही दिली नव्हती. त्यांचे म्हणणे इतिवृत्तात नोंदले गेले आणि अपिलाचा मार्ग मात्र बंद झाला. ही अट नोटिशीत लिहिलेली होती, परंतु ती इतक्या बारीक अक्षरांत आणि इतक्या वकिली भाषेत होती की वाचूनही तिचा अर्थ कळू नये. कायद्याचा मजकूर जसाच्या तसा द्यावा लागतो हे समजू शकते. त्याच्यासोबत साध्या भाषेत एक पान जोडायला कोणी मनाई केलेली नाही. या बाबतीत आमचे शहर कमी पडले.

पैसे भरण्याची सोय मात्र चांगली आहे. आकारणी मंजूर झाल्यापासून 30 दिवसांत सगळी रक्कम भरली तर व्याज लागत नाही. नाही भरली, तर ती काउंटीकडे, म्हणजे जिल्हा प्रशासनाकडे, कळवली जाते आणि मालमत्ता कराच्या बिलात वार्षिक हप्त्यांनी, व्याजासह, वसूल होते. आमच्या गल्लीच्या टोकाला एक आजी एकट्या राहतात. त्या सुनावणीला काठी टेकत आल्या होत्या आणि सगळा वेळ पाकीट मांडीवर घट्ट धरून बसल्या होत्या. बैठक संपल्यावर सिटी क्लार्क स्वतः उठून त्यांच्याजवळ जाऊन बसली आणि तिने त्यांना आकारणी पुढे ढकलण्याच्या अर्जाची माहिती दिली. 65 वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या किंवा कायमचे अपंगत्व आलेल्या घरमालकांना हप्ते भरणे खरोखर जड जात असेल, तर शहराला त्यांची आकारणी लांबणीवर टाकता येते. घर विकले गेले की ती रक्कम द्यावी लागते. प्रत्येक शहराने ही सवलत स्वीकारलेली असतेच असे नाही, म्हणून विचारून घ्यावे. आमच्या शहराने ती स्वीकारली आहे आणि देणाऱ्या माणसाने ती आपुलकीने दिली, याची नोंद या परीक्षणात व्हायलाच हवी.

कोपऱ्यावरच्या घरांचा प्रश्न मात्र कुठेच समाधानकारक सुटलेला मला दिसला नाही. त्यांना दोन बाजूंनी रस्ता असतो, म्हणजे दोन वेगवेगळ्या वर्षी दोनदा आकारणीची पाळी. आमच्या शहराच्या धोरणात लांब बाजूला थोडी सूट आहे, तरीही ज्यांच्यावर ही वेळ आली त्यांची नाराजी रास्त वाटते.

आता उरलेल्या खर्चाबद्दल. शहर बॉण्ड काढते, म्हणजे कर्ज उभारते. 429 व्या प्रकरणानुसार खर्चाच्या किमान 20 टक्के रक्कम आकारणीतून येणार असेल, तर मतदान न घेता असे बॉण्ड काढता येतात. अनेक शहरे बरोबर त्या 20 टक्क्यांच्या जरा वरच आकारणी ठेवतात, त्याचे कारण हे. आकारणी अजिबात नको असेल तर रस्ते पुनर्बांधणीचा आराखडा करून दुसऱ्या प्रकारचे बॉण्ड काढण्याचीही सोय आहे, परंतु तिथे मागील नगर निवडणुकीत झालेल्या मतदानाच्या पाच टक्के इतक्या मतदारांनी सुनावणीपासून 30 दिवसांत अर्ज केला, तर सार्वमत घ्यावे लागते. बॉण्डची परतफेड मालमत्ता करातून होते. म्हणजे शेजारच्या गल्लीचा रस्ता झाला तरी त्याचा थोडा भार माझ्यावर येतो आणि माझ्या गल्लीचा त्यांच्यावर. हे मला न्याय्य वाटते, कारण त्यांच्या गल्लीतून मी रोज जाते.

याखेरीज राज्याकडून येणारा पैसा आहे, आणि त्यासाठी पाच हजार या लोकसंख्येला मोठे महत्त्व आहे. मिनेसोटाच्या घटनेनुसार इंधन कर, वाहन नोंदणी शुल्क आणि वाहन विक्री कर यांतून महामार्ग वापरकर निधी तयार होतो. त्यातील 95 टक्क्यांपैकी 62 टक्के राज्य महामार्गांना, 29 टक्के काउंट्यांना आणि 9 टक्के शहरांना मिळतात. हे 9 टक्के फक्त पाच हजारांहून अधिक लोकसंख्येच्या शहरांसाठी आहेत. त्यांची वाटणी निम्मी लोकसंख्येनुसार आणि निम्मी रस्त्यांच्या गरजेनुसार होते, आणि शहराच्या रस्त्यांपैकी साधारण 20 टक्के लांबीच या योजनेत बसवता येते. आमचे शहर ती रेषा ओलांडून वर आले तेव्हा सिटी हॉलमध्ये आनंद का झाला, हे मला फार उशिरा कळले. रेषेखालच्या गावांसाठी राज्याचा लहान शहर साहाय्य निधी आहे, आणि 1 जुलै 2024 पासून 100 डॉलर किंवा त्याहून मोठ्या किरकोळ खरेदीच्या घरपोच डिलिव्हरीवर जे 50 सेंटचे शुल्क लागते, त्यातूनही त्यांना काही वाटा मिळतो. दारात पडलेल्या खोक्यावरचे हे 50 सेंट पाहून चिडणाऱ्या मित्रांना मी तो पैसा कुठे जातो ते आवर्जून सांगते.

मिनेसोटातील शहरांना याहून वेगळे मार्ग शोधणे सोपे राहिलेले नाही. 2016 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सेंट पॉल शहराच्या रस्ते देखभाल आकारणीबाबत निकाल दिला की ती शुल्क नसून कर आहे, आणि त्यामुळे तिला विशेष फायद्याची मर्यादा लागू होते. 2018 मध्ये वुडबरी शहराच्या खटल्यात त्याच न्यायालयाने ठरवले की नव्या वसाहतींच्या बिल्डरांकडून भविष्यातील रस्त्यांसाठी शुल्क घेण्याचा अधिकार शहराला कायद्याने दिलेला नाही. त्यामुळे बरीच शहरे फ्रँचायझी शुल्काकडे, म्हणजे शहराच्या रस्त्यांखालची जागा वापरण्यासाठी वीज आणि गॅस कंपन्यांकडून घेतल्या जाणाऱ्या शुल्काकडे, वळली आहेत. ते दरमहा प्रत्येक बिलात थोडेथोडे येते. आमच्या कौन्सिलमध्येही त्याची चर्चा झाली आहे. मला ही पद्धत एकदम हजारोंची आकारणी करण्यापेक्षा सुसह्य वाटते, जरी कमी उत्पन्नाच्या घरांवर ठरावीक रकमेचे ओझे तुलनेने अधिक पडते, हे खरे आहे.

इतके सगळे सांगितल्यावर रस्त्याच्या सेवेबद्दल माझी मोठी तक्रार उरत नाही. रस्ता ठरलेल्या वेळी झाला, उतार नीट काढला गेला, दाराशी पाणी साचत नाही, आणि पैसे कुठून आले ते प्रत्येक टप्प्यावर कागदावर होते.

ट्रेलकडे वळते. हा ट्रेल जुन्या रेल्वेमार्गाच्या भरावावर आहे. रूळ उखडलेल्या मार्गांची जमीन अखंड राहावी म्हणून 1983 मध्ये राष्ट्रीय ट्रेल कायद्यात 'रेलबँकिंग'ची तरतूद झाली आणि देशभर असे कितीतरी ट्रेल त्यामुळे शक्य झाले. भराव असल्याने उतार सौम्य आहे; सायकल शिकणारी मुले, व्हीलचेअर, बाळांच्या गाड्या सगळे सहज जातात. ऑक्टोबरमध्ये दोन्ही बाजूंचे मेपल लाल होतात तेव्हा मी कामावरून आल्यावर चहासुद्धा न घेता आधी तिकडे जाते.

माझे बाबा सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झाले. ते इथे राहायला आले असताना पहिल्याच सकाळी आम्ही या ट्रेलवर गेलो. दिवसभर कौतुक ऐकायला मिळेल अशी माझी अपेक्षा होती. त्यांनी कौतुक केलेही, पण अर्ध्या मैलावर ते थांबले, वाकले आणि डांबराच्या कडेला पडलेल्या आडव्या भेगेत त्यांनी बोट घातले. पहिले पेर आत गेले. मी त्यांना ट्रेलला कोणकोणती अनुदाने मिळाली ते सांगत होते. ते म्हणाले, "बांधला कुणाच्या पैशाने ते राहू दे गं. याच्या देखभालीचे लेखाशीर्ष कोणते, ते सांग." मला उत्तर देता आले नाही. सिटी हॉलमध्ये जाऊन विचारले तेव्हा कळले की असे स्वतंत्र लेखाशीर्षच नव्हते. उद्यान विभागाच्या 'इतर दुरुस्ती' या रकमेत गवत कापण्यापासून बाकांपर्यंत सगळे होते आणि ट्रेलचे डांबरही त्यातच होते.

असे का, हे समजण्यासाठी ट्रेल बांधण्याचा पैसा कसा येतो ते पाहावे लागते. मोठा स्रोत केंद्राचा. 1991 च्या वाहतूक कायद्यापासून चालण्याच्या आणि सायकलच्या मार्गांसाठी महामार्ग निधीतून काही वाटा बाजूला काढला जाऊ लागला, आणि 2021 च्या पायाभूत सुविधा कायद्याने हा वाटा भूपृष्ठ वाहतूक अनुदानाच्या 10 टक्के केला. त्यातून साधारणतः खर्चाच्या 80 टक्के मिळतात आणि 20 टक्के शहराने घालायचे असतात. कागदावर हे फार उदार दिसते. प्रत्यक्षात शहराने आधी खर्च करायचा आणि मग भरपाई मागायची असते. मिनेसोटात आराखड्याचा, अभियांत्रिकीचा आणि जागा घेण्याचा खर्च या अनुदानात बसत नाही, तो पूर्णपणे स्थानिक. मंजुरी साधारण चार वर्षे पुढच्या वर्षासाठी मिळते आणि रक्कम तेव्हाच गोठते. मधल्या काळात डांबर, मजुरी, पुलाचे पोलाद महाग झाले तर वाढीव रक्कम शहराची. शेजारच्या पाच हजारांखालील गावाला तर हा अर्ज स्वतःच्या बळावर करताही येत नाही, त्यासाठी काउंटीला प्रायोजक म्हणून उभे करावे लागते. म्हणून 80 आणि 20 हे आकडे ऐकून कोणी हुरळून जाऊ नये. आमच्या पुलाच्या टप्प्यात शहराचा खरा वाटा 20 टक्क्यांहून बराच जास्त झाला, हे मी कौन्सिलच्या कागदांतून बेरीज करून पाहिले आहे.

दुसरा स्रोत मला विशेष आवडतो. केंद्राच्या मनोरंजन ट्रेल कार्यक्रमाचा पैसा रस्त्याबाहेर चालणाऱ्या वाहनांच्या इंधन करातून येतो, म्हणजे स्नोमोबील (बर्फावर चालणारी गाडी), एटीव्ही (खडबडीत जमिनीवर चालणारी चारचाकी) अशा वाहनांत जे पेट्रोल जळते त्यावरचा कर. त्यातील 30 टक्के मोटर वाहनांच्या ट्रेलसाठी, 30 टक्के मोटरविरहित ट्रेलसाठी आणि 40 टक्के दोन्हींना मिळून उपयोगी पडणाऱ्या कामांसाठी राखलेले असतात. आमच्याकडे जानेवारीत स्नोमोबीलच्या आवाजाला नाके मुरडणारे बरेच आहेत. त्यांनी हे जाणून घ्यावे की त्यांच्या जुलैतल्या सायकल फेरीमागे काही अंशी तेच पेट्रोल आहे. शिवाय अस्तित्वात असलेल्या ट्रेलची देखभाल आणि पुनर्स्थापना ज्यातून करता येते असा हा कार्यक्रम आहे, जे वरच्या मोठ्या अनुदानात नेहमीच्या देखभालीसाठी चालत नाही.

तिसरा स्रोत मिनेसोटाचा स्वतःचा. 2008 मध्ये राज्यातील मतदारांनी घटनादुरुस्ती करून विक्री करात तीन अष्टमांश टक्क्याची वाढ स्वतःहून मान्य केली. ती 2034 पर्यंत आहे. तिच्या उत्पन्नातील 14.25 टक्के उद्याने आणि ट्रेलना जातात. त्याचे पुढे तीन भाग होतात: 40 टक्के राज्याच्या नैसर्गिक संपदा विभागाला, 40 टक्के मिनिआपोलिस आणि सेंट पॉल परिसरातील प्रादेशिक उद्यानांना आणि 20 टक्के बाकीच्या राज्याला. लोकांनी स्वतःवर कर लावून घेतला ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. तरीही या पैशालाही एक अट आहे: तो पूर्वीपासून चालत आलेल्या खर्चात भर म्हणूनच वापरायचा, त्याच्या जागी वापरायचा नाही. अट योग्य आहे; नाहीतर शहरांनी आपापली तरतूद कापून हाच पैसा तिथे लावला असता. पण परिणाम असा की देखभालीचा नेहमीचा भार शेवटी शहरावरच राहतो.

रस्त्याला जो हक्काचा पैसा आहे तो इकडे वळवता येत नाही का, असे मी इंजिनिअरला विचारले. इंधन कराचा पैसा घटनेने केवळ महामार्गाच्या कामासाठी राखलेला आहे. राज्य साहाय्यातील रस्त्याच्या कडेचा फुटपाथ किंवा सायकलमार्ग त्यात बसू शकतो. ओढ्याकाठाने, झाडीतून जाणारा स्वतंत्र ट्रेल बसत नाही. आणि विशेष आकारणी करायची तर ट्रेलमुळे अमुक घराचा भाव इतका वाढला हे दाखवावे लागेल, जे पूर्ण गावाच्या वापराच्या गोष्टीबाबत अवघड आहे. म्हणजे रस्त्याच्या देखभालीचे जे दोन भक्कम आधार आहेत, ते दोन्ही ट्रेलला लागू पडत नाहीत.

याचा परिणाम जमिनीवर दिसतो. डांबराची भेग पहिल्या दोन वर्षांत सीलंटने भरली तर खर्च किरकोळ असतो. ती तशीच राहिली की पाणी आत जाते, गोठते, कडा उचलल्या जातात, झाडांची मुळे त्या रेषेत शिरतात, आणि मग तेवढा भाग खणून नव्याने करावा लागतो. आमच्या ट्रेलवर बाबांनी बोट घातलेली ती भेग पुढच्या वसंतात दोन बोटे रुंद झाली होती. एका लहान मुलीची सायकल तिच्यात अडकून ती पडली. गुडघा फुटला, आणखी काही झाले नाही. सिटीला कळवल्यावर नारिंगी रंगाने गोल काढला गेला, आणि तो रंग पुसट होईपर्यंत दुरुस्ती झाली नाही. काम करणाऱ्या माणसांचा यात दोष नव्हता, त्यांनी मला सरळ सांगितले की यंदाची रक्कम संपली आहे. राज्याच्या स्थानिक ट्रेल अनुदानात तर शहराने 20 वर्षे ट्रेल नीट राखण्याची हमी दिलेली असते. हमीवर सही करताना त्या 20 वर्षांचा खर्च कुठून येणार याचा एक आकडासुद्धा कागदावर नसावा, ही या सेवेतील सर्वांत मोठी उणीव आहे असे माझे स्पष्ट मत आहे.

हे इतरत्र वेगळ्या रीतीने हाताळले गेले आहे. ओरेगनने 1971 मध्येच कायदा केला की राज्य महामार्ग निधीतून मिळणाऱ्या रकमेचा किमान एक टक्का रस्त्यालगतच्या पायवाटा आणि सायकलमार्गांवर खर्च झाला पाहिजे. कोलोरॅडोतील बोल्डर शहराच्या मतदारांनी 1967 मध्ये मोकळ्या जागा विकत घेऊन राखण्यासाठी 0.4 टक्का विक्री कर स्वतःवर लावून घेतला. त्याच राज्यात लॉटरीच्या उत्पन्नातील 40 टक्के रक्कम स्थानिक संस्थांकडे उद्याने आणि ट्रेल यांसाठी जाते, आणि फोर्ट कॉलिन्सने 1984 मध्ये लावलेले रस्ते देखभालीचे मासिक शुल्क तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्ये वैध ठरवले. मिनेसोटात शहराला स्वतःचा विक्री कर लावायचा तर आधी विधिमंडळाची परवानगी आणि मग सार्वमत, असा लांबचा रस्ता आहे. त्यामुळे आमच्यासारख्या शहराच्या हातात उरते ती मालमत्ता करातील एक ओळ. एक छोटी, पण दरवर्षी येणारी ओळ.

इथे घर घेण्याचा विचार करणाऱ्या मराठी मंडळींना दोन व्यावहारिक गोष्टी सांगते. घराचा करार करण्यापूर्वी त्या मालमत्तेवर मंजूर झालेली आणि प्रलंबित अशी दोन्ही प्रकारची आकारणी आहे का, हे सिटी हॉलकडून लेखी मागवून घ्या. करारात या दोन्ही रकमा विकणाऱ्याने भरायच्या की घेणाऱ्याने, असे स्वतंत्र कलम असते, आणि एजंट घाईत असला तरी ते कलम वाचल्याशिवाय सही करू नका. सोबत शहराचा पाच वर्षांचा भांडवली आराखडा मागा. कोणत्या गल्लीचे काम कोणत्या वर्षी आहे ते त्यात दिलेले असते.

दुसरी गोष्ट बैठकांची. नोव्हेंबरमध्ये काउंटीकडून प्रस्तावित कराची नोटीस येते, तिच्यावर कौन्सिलच्या अर्थसंकल्पीय बैठकीची तारीख असते आणि ती बैठक कायद्याने संध्याकाळी सहानंतरच घ्यावी लागते, म्हणजे नोकरी करणाऱ्यांनाही जाता येते. मी आधी याच डिसेंबरच्या बैठकीत ट्रेलच्या देखभालीचा मुद्दा मांडला. सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि मेयरने समजावून सांगितले की शहर सप्टेंबरअखेर प्राथमिक करमागणी काउंटीला कळवते, त्यानंतर ती कमी करता येते, वाढवता येत नाही. डिसेंबरमध्ये नवीन ओळ घालायची तर दुसरी कुठली तरी कापावी लागते. बोलायचे असेल तर ऑगस्टमध्ये या, असे त्यांनी सांगितले.

यंदा मी ऑगस्टमध्ये गेले. सोबत आमच्या गल्लीतील सात जण होते, त्यांत त्या काठी टेकत येणाऱ्या आजीही होत्या. आम्ही ट्रेलचा दीड मैल चालून प्रत्येक भेग टेपने मोजली होती आणि तिची यादी इंजिनिअरला दिली. प्राथमिक करमागणीत 'ट्रेल डांबर देखभाल' अशी वेगळी ओळ आता आली आहे. रक्कम फार नाही; भेगा भरण्यापुरती आहे, खणून नवे करण्याइतकी नाही. त्या रात्री मी बाबांना फोन केला. रक्कम किती हे त्यांनी विचारले नाही, लेखाशीर्षाचा क्रमांक विचारला आणि तो लिहून घेतला.